मातीत बुडणारा बेडूक घरी पाळायचा तर

वाळूवर ताठ उभा राहिलेला एक गोल गरगरीत बेडूक तोंड उघडून बारीक, चिरक्या आवाजात ओरडतो. काही सेकंदांचा हा व्हिडिओ 2013 पासून फिरतोय आणि अजूनही कुणी ना कुणी तो नव्याने पाठवतंच. पाहणाऱ्याला हसू येतं. त्यातल्या काहींच्या मनात लगेच पुढचा प्रश्न येतो: हा घरी पाळता येईल का?

त्याच्यापुरतं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तो डेझर्ट रेन फ्रॉग. नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचा एक चिंचोळा पट्टा हे त्याचं सगळं जग. तिथली वाळू समुद्रावरून येणाऱ्या धुक्याने ओलसर राहते आणि तो त्या वाळूत दिवस काढतो. ते गोड वाटणारं चिरकणं म्हणजे समोरच्याला दिलेली धमकी असते. त्याचा पट्टा आधीच खाणकामाने कुरतडला जातोय. त्याला तिथून उचलण्यात काही अर्थ नाही.

मात्र मातीत राहणारे दुसरे काही बेडूक जगभर पाळले जातात. दक्षिण अमेरिकेतला रुंद तोंडाचा पॅकमॅन फ्रॉग त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. आफ्रिकन बुलफ्रॉग सगळ्यात दांडगा. आग्नेय आशियातला, तपकिरी अंगाच्या दोन्ही कडांना फिकट पट्टा असलेला चबी फ्रॉग, मादागास्करचा लालभडक टोमॅटो फ्रॉग, उत्तर अमेरिकेतले स्पेडफूट हेही हौशी लोकांकडे दिसतात. आणि ते पहिल्यांदा आणणाऱ्यांचा गोंधळही ठरलेला असतो. पेटी हौसेने सजवली, बेडूक सोडला आणि अर्ध्या तासात तो गायब. चार दिवस दिसला नाही. मेला की काय? उकरून बघू का? उपाशी तर नसेल?

या प्रश्नांची उत्तरं बेडकापेक्षा मातीत जास्त सापडतात. असा बेडूक पाळायचा म्हणजे निम्म्याहून अधिक काम माती सांभाळण्याचं असतं. माती जमली की बेडूक फारसा त्रास देत नाही, आणि माती बिघडली की महागातली पेटी, दिवे, फवारे काही उपयोगाचे नसतात.

एक शब्द आधीच सांगून टाकतो. व्हिव्हेरियम म्हणजे प्राण्याच्या मूळ ठिकाणची हवा, ओल, उजेड आणि जमीन जमेल तितकी उभी करणारी झाकणाची पेटी, बहुधा काचेची. यापुढे तिला नुसतं पेटी म्हणतो.

तो आत जातो कसा?

घूस बीळ करते तेव्हा माती बाहेर फेकते आणि आत-बाहेर करायला वाट मोकळी राहते. बहुतेक मातीतले बेडूक असलं काही करत नाहीत. त्यांच्या मागच्या पायाच्या तळव्याला, आतल्या बाजूला, एक कडक उंचवटा असतो. आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याच्याच थराने तो कडक झालेला असतो. स्पेडफूटमध्ये तो काळा आणि धारेचा असल्याने सहज दिसतो.

हे खणणं एकदा जवळून बघण्यासारखं असतं. बेडूक आधी जागेवर नीट बूड टेकतो. मग एक मागचा पाय बाहेरच्या दिशेने अर्धगोल फिरतो आणि थोडी माती बाजूला सरकते. मग दुसरा पाय. पुढचे पाय फक्त तोल धरतात. प्रत्येक फेऱ्याला मागचा भाग जरासा खाली जातो, मधूनच अख्खं अंग थोडं वळतं आणि कडेची माती पाठीवर घसरत राहते. शेवटी दोन डोळे आणि नाकपुड्या एवढंच वर उरतं. मग डोळे मिटून आत ओढले जातात, वरची माती मिटते आणि तिथे कुणी आहे याची खूणही राहत नाही. सगळा प्रकार इतका निवांत असतो की त्याला मेहनत पडतेय असं वाटतच नाही. (आफ्रिकेतल्या हेमिसस गटातल्या बेडकांची तऱ्हा उलटी. ते टोकदार नाक आधी खुपसून डोक्याच्या बाजूने आत जातात.)

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की या बेडकाभोवती पोकळी नसते. माती सगळीकडून थेट कातडीला भिडलेली असते. पॅकमॅन फ्रॉग सहसा इतका खोल जात नाही. तो अर्धा रुतून, डोळे वर ठेवून, भक्ष्य आपणहून समोर येण्याची वाट बघत बसतो. पण त्याचंही पोट आणि मांड्या दिवसरात्र मातीतच.

कातडीवर एवढा भर का?

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या भागाची आणि मांड्यांजवळची कातडी पातळ असते, तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, आणि पाणी तिथूनच आत शोषलं जातं. श्वासाचाही काही भाग कातडीतून चालतो. मातीचा माठ आठवा. त्याला बारीक छिद्रं असतात म्हणून तो पाझरतो आणि पाणी गार राहतं. पण त्याच छिद्रांमुळे माठात एकदा रॉकेल ठेवलं की तो पुन्हा पिण्याच्या पाण्याचा राहत नाही. बेडकाच्या कातडीला ही दोन्ही तोंडं आहेत.

म्हणून माती कोरडी पडली की ती बेडकाच्या अंगातलं पाणी ओढून घेते. मातीत खत, कीटकनाशक, साबणाचा अंश असेल तर तो थेट रक्तात उतरतो. बेडकाची स्वतःची घाणही त्याच मातीत मुरते आणि कुजून तिचा अमोनिया होतो. तळ्यातला बेडूक घाण करून पोहत पुढे जातो. पेटीतला बेडूक तिच्यावर आठवडाभर बसून राहतो. ‘काल ठणठणीत होता, आज पाय ताणून पडलाय’ अशा बऱ्याच मृत्यूंमागे महिनोन्महिने न बदललेली माती असते.

नळाच्या पाण्याचंही तसंच. क्लोरीन असलेलं पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलं की क्लोरीन उडून जातो. पण काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला क्लोरामाइन वापरतात, आणि तो नुसता ठेवून जात नाही. माशांच्या टाकीसाठी मिळणारं, क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही मारणारं औषध थेंबाच्या हिशेबाने घालणं हा सोपा उपाय. आपल्या नळाला नेमकं काय येतं याची खात्री नसेल तर ते घालूनच पाणी वापरावं.

माती किती, कसली आणि किती ओली?

खोलीचा अंदाज बेडकाच्या अंगावरून बांधायचा. तो पूर्ण आत जाऊन त्याच्या डोक्यावरही माती उरली पाहिजे. छोट्या चबी फ्रॉगला दहा-पंधरा सेंटिमीटरचा थर पुरतो. मोठ्या आफ्रिकन बुलफ्रॉगला त्याहून बराच जास्त लागतो. विकत मिळणाऱ्या बहुतेक तयार पेट्या उंचीला असतात आणि त्यांच्या तळाशी चार बोटं माती टाकलेली असते. झाडावरच्या बेडकाला ते ठीक. मातीतल्या बेडकाला उंचीचा काहीच उपयोग नाही. त्याला तळाचं क्षेत्रफळ आणि मातीची जाडी हवी.

सगळ्यात सोयीचं म्हणजे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो पाणी धरतो, हलका असतो आणि बेडकाला खणता येतो. नुसता कोकोपीट फार भुसभुशीत वाटला तर त्यात खत-औषध न मारलेली साधी माती आणि थोडा वाळका पाला मिसळता येतो. खडी, टोकदार रेती, कुंडीच्या मिश्रणातले ते पांढरे हलके दाणे नकोत. त्याचं कारण बेडकाच्या जिभेत आहे. पॅकमॅन फ्रॉगच्या जातकुळीतल्या बेडकांच्या जिभेची चिकट पकड मोजली, तेव्हा तिची ओढ बेडकाच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त भरली. अशी जीभ किड्यावर आपटली की भोवतालचं जे असेल ते सोबत तोंडात जातं. कोकोपीटचे दोन कण पोटातून निघून जातात. खडा आतड्यात अडकतो.

ओल किती हे शेती करणाऱ्याला एका शब्दात कळेल: माती वापशावर हवी. ज्याने शेत पाहिलेलं नाही त्याच्यासाठी हाताची परीक्षा आहे. मूठभर माती घेऊन घट्ट दाबा. बोटांमधून पाण्याची धार लागली तर ती जास्त ओली. मूठ उघडल्यावर लाडू लगेच फुटून भुगा झाला तर कोरडी. मूठ दाबताना फार तर एखाददुसरा थेंब निघावा आणि उघडल्यावर लाडू टिकावा, पण बोटाने टोचला की मोडावा. ही परीक्षा वरच्या मातीची घेऊन भागत नाही, तळाशी हात घालून घ्यायची. वरचा थर थोडा सुकलेला आणि खाली ओल असणं हे उत्तमच, कारण मग बेडूक स्वतः वर-खाली होऊन आपल्याला हवी ती ओल निवडतो.

इथे लोक एका उपकरणाने फसतात. पेटीच्या काचेला आर्द्रता मोजणारं घड्याळ चिकटवलेलं असतं आणि त्यावर 80 टक्के दिसलं की मालक निर्धास्त होतो. ते घड्याळ हवेतली आर्द्रता सांगतं. बेडूक पंधरा सेंटिमीटर खाली आहे. वरून रोज फवारा मारून हवा दमट आणि तळ मात्र कोरडा ठणठणीत, असं सर्रास होतं. पाणी फवारण्यापेक्षा पेटीच्या एका कोपऱ्यातून सावकाश ओतलेलं बरं. ते तळाशी पसरतं आणि हळूहळू वर चढतं.

उलट्या बाजूची चूकही तितकीच वाईट. चिखल झाला की मातीतली हवा संपते, हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि सडका वास येतो. अशा मातीत बेडकाच्या पोटाला, मांड्यांना लाल चट्टे उठायला लागतात. चांगल्या मातीला पावसानंतरच्या जंगलाचा वास असतो. नाक हे या छंदातलं सगळ्यात भरवशाचं साधन आहे असं माझं मत आहे, आणि ते फुकट मिळतं.

माती टिकवायला स्प्रिंगटेल नावाचे मिलिमीटरभर आकाराचे जीव आणि ओल्या पाल्याखाली राहणारे आयसोपॉड पेटीत सोडता येतात. ते बुरशी आणि कुजका भाग खातात. पण बेडूक आकाराने मोठा आणि पेटी छोटी असेल तर त्यांच्या भरवशावर राहू नये. दिसलेली घाण त्या त्या वेळी चमच्याने काढायची आणि ठरावीक काळाने सगळी माती नवी भरायची. पॅकमॅन फ्रॉगच्या साध्या पेटीत हे काम महिन्या-दीड महिन्याने येतं, मोठ्या आणि जिवंत मातीच्या पेटीत बऱ्याच उशिराने.

तळाला हीटर लावला तर?

दुकानदार सर्वांत जास्त वेळा हाच सल्ला देतात आणि मातीतल्या बेडकासाठी सगळ्यात घातकही हाच आहे.

उघड्यावर जमीन वरून तापते. जितकं खाली जावं तितका गारवा. लाखो वर्षांत या बेडकांच्या अंगात एकच नियम भिनलाय: उकडलं की खाली जा. आता पेटीच्या तळाखाली गरम होणारी चटई ठेवली की हा नियमच उलटा होतो. बेडकाला उकडतं, तो खाली जातो, खाली आणखी गरम, तो आणखी खाली जातो, आणि शेवटी तापलेल्या काचेवर पोट टेकून बसतो. पातळ कातडीचं ते पोट भाजतं. वर हवा थंड आहे, पण वर गेलं की सुटका होईल हे त्याच्या अंगाला ठाऊकच नाही.

ऊब द्यायचीच असेल तर ती पेटीच्या एका बाजूच्या काचेला, मातीच्या वरच्या पातळीवर, आणि थर्मोस्टॅट लावूनच. थर्मोस्टॅट म्हणजे ठरवलेलं तापमान आलं की वीज तोडणारं यंत्र. पॅकमॅन फ्रॉगला साधारण 24 ते 28 अंश सेल्सियस मानवतं. तीसच्या वर सलग राहिलं तर तो सुस्तावतो, खाणं सोडतो. घरातलं तापमान याच पट्ट्यात असेल तर हीटरचा विचारही करू नका. उकाड्याच्या दिवसांत उलटी काळजी घ्यावी लागते: पेटी उन्हापासून दूर, जमिनीलगत, खोलीतल्या सगळ्यात गार कोपऱ्यात.

मग तो दिसणार कधी?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्यावर गोड बोलण्यात अर्थ नाही. कमी दिसेल. चबी फ्रॉग दिवसा दिसतच नाही. रात्री दिवे मालवल्यावर तासभराने बाहेर येतो. पॅकमॅन फ्रॉगचे डोळे तेवढे दिसतात, आणि तो जागचा हलत नाही. ज्याला फिरणारा, अंगाखांद्यावर खेळणारा प्राणी हवा त्याने हा बेडूक आणू नये. मुलांच्या हट्टासाठी तर नकोच, कारण मुलांचा रस आठवड्यात संपतो आणि बेडूक पुढची दहा वर्षं असतो.

ज्यांना बघायचंच आहे ते लोक मग मातीचा थर पातळ करतात, म्हणजे बेडकाला लपता येणार नाही. हा खरा क्रूरपणा. लपायला न मिळालेला बेडूक ताणाखाली राहतो, रात्रभर काचेला नाक घासत फिरतो आणि नाकाची कातडी सोलवटून घेतो. त्यापेक्षा संध्याकाळी पेटीत हलका पाऊस पाडा, खोलीतला उजेड कमी करा, मंद लाल दिवा ठेवा आणि बसा. जे दिसतं ते बघण्यासारखं असतं.

पावसाचा विषय निघालाच आहे तर एक मजेदार गोष्ट. वाळवंटी स्पेडफूट वर्षाचा बराच काळ जमिनीखाली काढतात आणि उन्हाळी पावसाच्या रात्री अचानक बाहेर येतात. ओल खाली झिरपायच्या आत त्यांना पाऊस कळतो कसा? 1980 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जमिनीवर विजेची मोटर चालवून नुसती थरथर निर्माण केली, तर कोरड्या मातीतूनही ते वर आले. थेंबांच्या माऱ्याचा खोल, घुमणारा कंप हाच त्यांचा निरोप होता. त्यामुळे अशा बेडकाची पेटी कपडे धुण्याच्या यंत्रावर किंवा मोठ्या स्पीकरच्या शेजारी ठेवणं म्हणजे त्याला उगाच पुन्हा पुन्हा खोटा पाऊस ऐकवणं.

महिना झाला, वर आलाच नाही

कोरडा काळ आला की मातीतले बेडूक ग्रीष्मनिद्रेत जातात. हृदय, श्वास, पचन सगळं मंदावतं आणि साठवलेल्या चरबीवर आणि पाण्यावर महिने निघतात. पाण्याची टाकी म्हणजे त्यांचं मूत्राशय. त्यातलं फिकट मूत्र ते पुन्हा रक्तात शोषून घेतात. ऑस्ट्रेलियातल्या वॉटर होल्डिंग फ्रॉगच्या अंगात इतकं पाणी असतं, की तिथले मूळ रहिवासी दुष्काळात तो उकरून काढत, हळूच दाबत आणि ते पाणी पीत. हाच बेडूक, तसेच पॅकमॅन आणि आफ्रिकन बुलफ्रॉगसुद्धा, कोरड पडल्यावर कातडीचे थर टाकतात पण उतरवत नाहीत. एकावर एक थर साचून अंगाभोवती कागदी कोश तयार होतो आणि पाणी उडणं थांबतं. नाकपुड्यांपाशी तेवढी वाट राहते.

आता पेटीत हा कोश दिसला तर? बेडूक तपकिरी, सुरकुतलेल्या पापुद्र्यात गुंडाळलेला, हात लावला तरी न हलणारा. बरेच जण तो मेला समजून टाकून देतात. थांबा. त्याला कोमट नव्हे, खोलीच्या तापमानाच्या उथळ पाण्यात ठेवा. पाणी हनुवटीच्या खाली. जिवंत असेल तर पापुद्रा भिजून सुटतो आणि तो बहुधा स्वतःच तो तोंडाने ओढून खाऊन टाकतो. बेडकांमध्ये टाकलेली कातडी खाणं नेहमीचंच आहे.

पण पाळलेल्या बेडकाने कोश केला याचा अर्थ माती कोरडी पडली होती. ते मालकाला दिलेलं निवेदन समजावं. ‘निसर्गात झोपतो, मग मीही त्याला दरवर्षी वाळवून झोपवतो’ असं म्हणणारे भेटतात. पैदास करणारे अनुभवी लोक हे हिशेबाने करतात, आधी बेडूक खाऊन तगडा आहे ना, पोट रिकामं झालंय ना हे बघून. घरच्या एकुलत्या बेडकाला त्याची गरज नाही. अर्धवट वाळलेल्या मातीत, भरल्या पोटी, झोपही नाही आणि जागही नाही अशा अवस्थेत बेडूक सडतो.

माती ओली आहे, तापमान बरोबर आहे आणि तरी आठवडाभर वर आला नाही, तर घाबरू नका आणि उकरू नका. दर दोन दिवसांनी उकरून खात्री करणारे मालक बेडकाला जितका त्रास देतात तितका कुठला रोगही देत नसेल. दोन-तीन आठवडे खाणं नाही आणि वजन घटल्याचा संशय आहे, तेव्हा हलक्या हाताने बाजूने माती सारून बघा. पाय ताठ, पोटाला लाली, तोंड उघडं, अंगाला सडका वास यांपैकी काही दिसलं तर उभयचर प्राणी हाताळणारा पशुवैद्य गाठा. असा पशुवैद्य बेडूक आणायच्या आधी शोधून ठेवलेला बरा, कारण कुत्र्या-मांजरांचे बरेच डॉक्टर बेडूक बघून हात वर करतात.

खायला काय आणि किती?

इथे फारसं गूढ नाही. रातकिडे, पाळीव झुरळं, गांडुळं. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद नको. चबी फ्रॉगचं तोंड लहान, त्याचा मूळ आहार मुंग्या आणि वाळवी, तेव्हा त्याला बारीक किडेच. रातकिड्यांमध्ये कॅल्शियम फार कमी असतं म्हणून त्यांच्यावर कॅल्शियम आणि डी-3 जीवनसत्त्वाची पूड भुरभुरून देतात. नाहीतर हाडं मऊ पडून जबडा वाकतो. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर जिभेची चिकटाई जाते, बेडूक झेप घेतो आणि किडा सुटतो. लोकांना वाटतं नेम चुकला.

खरी चूक जास्त खाऊ घालण्याची होते. पॅकमॅन फ्रॉग समोर येईल ते गिळतो, मालकाला ते बघायला आवडतं, आणि उंदराची पिल्लं देण्यापर्यंत मजल जाते. वाढत्या पिल्लाला दोन-तीन दिवसांनी, पूर्ण वाढलेल्याला आठवडा-दहा दिवसांनी एकदा एवढं पुरे. लठ्ठ बेडकाच्या डोळ्यात चरबी साचून बुबुळावर पांढरट सारा चढतो, आणि तो उतरत नाही.

एकटा कंटाळेल, जोडीला दुसरा आणू?

पॅकमॅन फ्रॉगच्या बाबतीत जोडी म्हणजे पुढचं जेवण. तो स्वतःएवढ्या बेडकालाही गिळायला जातो. कधी अर्धा गिळून अडकतो आणि दोघेही मरतात. आफ्रिकन बुलफ्रॉगही तसाच. एका पेटीत एकच. चबी फ्रॉग आणि टोमॅटो फ्रॉग एकाच आकाराचे असतील तर गटाने राहतात. एकटेपणा ही आपली अडचण आहे. बेडकाला ती असल्याची चिन्हं दिसत नाहीत.

हातात घ्यावा का?

गरजेपुरता. आपल्या हाताला मीठ, साबण, क्रीम यांचा अंश असतो आणि वर सांगितलेली ती कातडी सगळं पिते. पेटी साफ करताना हात शुद्ध पाण्याने भिजवून किंवा पावडर नसलेले ओले हातमोजे घालून त्याला उचलावं. टोमॅटो फ्रॉग आणि चबी फ्रॉग घाबरले की अंगातून पांढरट चिकट द्रव सोडतात. तो डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो. आफ्रिकन बुलफ्रॉगच्या खालच्या जबड्याला दातांसारखे सुळे असतात आणि नराचं वजन किलोच्या वर जाऊ शकतं, तेव्हा बोटं सांभाळा.

आणि साल्मोनेला. निरोगी दिसणाऱ्या बेडकाच्या विष्ठेतही हे जिवाणू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुणं, पेटीचं भांडं स्वयंपाकघराच्या मोरीत न घासणं, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना पेटीपासून लांब ठेवणं एवढं पाळलं की धोका बराच कमी होतो.

शेतातला बेडूक उचलून आणला तर काय बिघडलं?

बरंच. पहिलं कायद्याचं: प्रत्येक देशाचे वन्यजीवांचे नियम वेगळे आहेत आणि पुष्कळ ठिकाणी स्थानिक बेडूक पकडणं, ठेवणं गुन्हा आहे. परदेशी जातींनाही कागद लागतात. टोमॅटो फ्रॉग तर साइटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. आणण्याआधी वन्यजीव खात्याकडे चौकशी करणं हा कंटाळवाणा पण पहिला टप्पा.

दुसरं कारण रोगाचं. कायट्रिड ही कातडीवर वाढणारी सूक्ष्म बुरशी. शास्त्रज्ञांनी 1999 साली तिचं नामकरण केलं. ती कातडीतून क्षारांची ये-जा बिघडवते, रक्तातले क्षार घसरतात आणि हृदय बंद पडतं. 2019 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार किमान 501 उभयचर जाती या रोगाने घटल्या आणि त्यांतल्या 90 बहुधा नामशेष झाल्या. ती जगभर पसरण्यात माणसाने बेडूक इकडून तिकडे नेण्याचा मोठा वाटा आहे. त्यातच 2023च्या जागतिक आढाव्याप्रमाणे सुमारे 41 टक्के उभयचर जाती धोक्यात आहेत. म्हणून रानातून पकडलेला बेडूक घेऊच नये. बंदिस्त पैदाशीतला घ्यावा, विक्रेत्याला तसं विचारावं, आणि त्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर परत फिरावं.

उलट दिशेनेही तोच धोका. कंटाळा आला म्हणून पाळलेला बेडूक नाल्यात सोडणं हे त्याच्यावर उपकार नाहीत. तैवानमध्ये चबी फ्रॉग मूळचा नव्हता, आता तो तिथे ठाण मांडून बसलाय. पेटीतलं सांडपाणीही उघड्या ओढ्यात टाकू नये. ब्लीच घालून, थांबून, मग गटारात. जुनी माती तापवून किंवा पूर्ण वाळवून कचऱ्यात. बेडूक नको झाला तर ज्याच्याकडून आणला त्याला किंवा दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याला द्यावा. पॅकमॅन फ्रॉग दहा वर्षं आणि पुढेही जगतो, आफ्रिकन बुलफ्रॉग विसाच्या पुढेही जाऊ शकतो, तेव्हा हा प्रश्न अनेकांवर येतोच.

बेडकाच्या आधी माती आणा

सगळं पटलं आणि तरी आणायचाच असेल, तर पेटी दोन-तीन आठवडे रिकामी चालवा. माती भरा, भिजवा, झाकण लावा. एक तापमापक हवेत आणि दुसऱ्याची तार तळाशी पुरा. पहाटे आणि दुपारी दोन्हींचे आकडे बघा. दुपारी तळ हवेपेक्षा गरम निघाला तर हीटरची जागा चुकली आहे. काचेला दिवसभर पाण्याचे ओघळ असतील तर झाकणाची जाळी वाढवा. पांढरी बुरशी एकदा येऊन जाते, तिला घाबरायचं कारण नाही. तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यातून तळापर्यंत हात घाला, मूठभर माती वर काढा, दाबा, हुंगा. आंबूस वास आला तर ती फेकून नवी भरा आणि विक्रेत्याला आणखी पंधरा दिवस थांबायला सांगा.